सेवक ते सखी: सावनेर परिसरातील पर्यावरण-प्रशिक्षणाचा इतिहास

गावातल्याच माणसाला थोडे शिकवायचे आणि त्याच्याकरवी बाकीच्या गावाला माती, पाणी, हवामान समजावून द्यायचे, ही पद्धत नागपूर-वर्धा पट्ट्यात 1930 च्या दशकापासून चालत आली आहे. तिची नावे बदलत गेली. ग्रामसेवक, प्रचारक, हरित सेनेचे गुरुजी, जलसेवक, कृषी सखी अशी ती माळ आहे. यांतल्या पहिल्या पिढ्यांना ‘पर्यावरण’ हा शब्दही ठाऊक नव्हता. ‘हवामान बदल’ तर अगदी अलीकडचा. शिकवण्याचा विषय मात्र पुष्कळसा तोच राहिला.

सावनेर तालुका या विषयासाठी मुद्दाम निवडावा असाच आहे. नागपूरहून उत्तरेला छिंदवाडा आणि बैतुलकडे जाणारे रस्ते येथे फुटतात. कोलार नदीच्या काठी शहर वसले आहे. तालुक्याच्या एका अंगाला काळी कसदार जमीन, तिच्यावर कापूस आणि संत्रा. दुसऱ्या अंगाला जमिनीखाली कोळसा. पाटणसावंगी, सिल्लेवाडा, वलनी, सावनेर या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आणि खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र याच तालुक्यातले. खापा गावाजवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे. ते मँगनीज ज्या खडकांत सापडते त्यांना भूशास्त्रज्ञांनी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सौंसरचे नाव दिले आहे. ऊन-पावसावर जगणारा बागायतदार आणि कोळशावर जगणारा खाणकामगार एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात राहतात. अशा ठिकाणी पर्यावरण शिकवणाऱ्याला आपल्याच श्रोत्यांच्या भाकरीविषयी बोलावे लागते.

या परंपरेची सुरुवात वर्ध्याची. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मार्गदर्शक गांधीजी, चिटणीस जे. सी. कुमारप्पा आणि मुक्काम जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत. संघाने खेड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ग्रामसेवक विद्यालय चालवले. तेथे येणारा विद्यार्थी व्याख्याने ऐकून परत जात नसे. घाणीवर तेल काढणे, हातकागद, मधमाशापालन, साबण, ताडगूळ ही कामे त्याला हातांनी शिकावी लागत आणि त्यासोबत गावसफाई व खत. मैला पुरून त्याचे सोनखत करणे हा त्या शिक्षणाचा कणाच म्हणावा लागेल. एकाच खड्ड्यातून रोगराई कमी होते आणि जमिनीला खत मिळते, हे गावकऱ्याला डोळ्यांनी दिसते. ते पटवायला भाषण लागत नाही. कमी धुराची मगनचूल आणि खाद्यतेलावर जळणारा मगनदीप ही मगनवाडीचीच निर्मिती. चुलीचा धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, तसेच सरपणासाठी तोडलेले झाड रानातून जाते, हे दोन्ही हिशेब त्या चुलीत एकत्र होते.

कुमारप्पांनी या कामाला विचाराची बैठक दिली. 1945 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिले. निसर्गातून जे दरवर्षी नव्याने मिळत राहते त्यावर उभे असलेले अर्थकारण आणि कोळसा, खनिज तेल, धातू यांसारख्या साठ्यांवर उभे असलेले अर्थकारण असा भेद ते करतात. साठा आटू लागला की त्यावरून भांडणे आणि युद्धे होतात, असे त्यांचे प्रतिपादन. वर्ध्याहून फार दूर नसलेल्या कोळशाच्या पट्ट्याला हा विचार किती लागू होता, हे पुढच्या अर्धशतकात दिसून आले. त्या काळी मात्र कुमारप्पांकडे जुन्या वळणाचा माणूस म्हणून पाहण्याचीच रीत होती.

याच सुमारास शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही तसेच वळण मिळाले. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती रचलेल्या शिक्षणाचा आराखडा दिला आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. तिच्या शिक्षकांसाठी 1938 मध्ये वर्ध्यालाच प्रशिक्षण शाळा निघाली. सावनेर तेव्हा याच प्रांतात होते. सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम दांपत्याने हे शिक्षण, म्हणजेच नई तालीम, प्रत्यक्ष चालवले. सूत, शेती, स्वयंपाक, सफाई यांतूनच गणित आणि विज्ञान. कपाशीच्या एका झाडावरून मुलाने माती, पाऊस, कीड आणि बाजारभाव यांपर्यंत पोहोचावे, अशी ती रचना. नई तालीम सरकारी शाळांत रुजली नाही. पालकांना मुलाने टकळी फिरवण्यापेक्षा इंग्रजी शिकलेले हवे होते, आणि त्यात त्यांचे फारसे चुकले असे म्हणता येत नाही.

विदर्भातल्या सामान्य माणसापर्यंत हा विषय नेला तो मात्र वर्ध्याच्या संस्थांपेक्षा खंजिरीने. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा नागपूर, अमरावती, वर्धा, यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावोगावी निघाल्या. सामुदायिक प्रार्थना, पहाटेची गावसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ती ही मंडळाची दिनचर्या. 1955 मध्ये आलेल्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य असे स्वतंत्र अध्याय आहेत. प्रशिक्षणाच्या दृष्टीने ग्रामगीतेचे महत्त्व वेगळे आहे. हे पुस्तक ओवीबद्ध असल्यामुळे ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा सेवकही ते पाठ करून दुसऱ्याला शिकवू शकत होता. आजच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेला हे साधलेले नाही. गाडगे महाराजांनी तर पुस्तकाचीही गरज ठेवली नव्हती. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून प्रश्न विचारत लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने आपल्याकडे घेतले. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली आणि ‘ग्रामसेवक’ हे मगनवाडीतले नाव पगारी कर्मचाऱ्याला मिळाले. सुरुवातीला त्याच्याकडे साधारण दहा गावे असत. प्रशिक्षणाचा काळ सहा महिन्यांपासून वाढत पुढे दोन वर्षांपर्यंत गेला. शेती, पशुपालन, आरोग्य, सहकार असे सगळेच त्याला शिकवले जाई. कागदावर ही योजना चांगली होती. पण 1956 मध्ये नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि महाराष्ट्रात ग्रामसेवक हा ग्रामपंचायतीचा सचिव झाला. घरपट्टीची वसुली, दाखले, सभेचे इतिवृत्त यांत त्याचा दिवस जाऊ लागला. जो करवसुलीला येतो त्याचे खताच्या खड्ड्याविषयीचे बोलणे गाव किती ऐकणार?

साठच्या दशकापासून विस्तार-शिक्षणाचा आशयही पालटला. संकरित ज्वारी आली, 1970 मध्ये एच-4 हा संकरित कापूस आला, सोबत रासायनिक खते आणि कीटकनाशके आली. अन्नधान्याचा तुटवडा होता, तेव्हा हे स्वाभाविकच होते. गावात येणारा सरकारी माणूस पोत्यातले खत आणि फवारणीचे वेळापत्रक शिकवू लागला. पुढे ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत आली. ठरलेल्या दिवशी कर्मचाऱ्याला वर प्रशिक्षण, ठरलेल्या दिवशी त्याची संपर्क शेतकऱ्याला भेट. वेळापत्रक काटेकोर होते. संदेश मात्र वरून खाली येई, खालून वर क्वचितच जाई. याच काळात सावनेरचा शेतकरी जे शिकला, त्यातला बराच भाग त्याला तीस-चाळीस वर्षांनी जमिनीच्या सेंद्रिय कर्बाच्या नावाने विसरायला सांगण्यात आला.

‘पर्यावरण शिक्षण’ या नावाने विषय आला तो बाहेरून. 1972 ची स्टॉकहोम परिषद, 1977 ची तिबिलिसी परिषद, भारतात 1980 मध्ये केंद्राचा पर्यावरण विभाग आणि 1984 मध्ये अहमदाबादला सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन. त्याच वर्षी डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली. सावनेरातून बैतुलकडे जाणारा रस्ता पुढे भोपाळच्या दिशेनेच जातो, त्यामुळे ही बातमी येथे केवळ परमुलखाची नव्हती. 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय पर्यावरण जागृती मोहीम सुरू झाली. स्थानिक संस्थांना छोटे अनुदान मिळे, त्यातून शिबिरे, फेऱ्या, पथनाट्ये होत. महाराष्ट्रात 1982 मध्ये सामाजिक वनीकरण विभाग निघाला होता. रोपवाटिका कशी करावी, पिशवीत माती-खताचे प्रमाण किती, रोप केव्हा लावावे हे त्याचे कर्मचारी शाळांना आणि पंचायतींना शिकवत.

शाळेचा भाग न्यायालयाने पक्का केला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे आदेश दिले. अंमलबजावणीला दशक उलटले. 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. दरम्यान 2001 पासून राष्ट्रीय हरित सेना आली. महाराष्ट्रात तिची जबाबदारी सामाजिक वनीकरणाकडे गेली. प्रत्येक निवडक शाळेत तीस ते पन्नास मुलांचा गट आणि त्यांचा एक प्रभारी शिक्षक. प्रशिक्षण मिळे ते या शिक्षकाला. नंतर माध्यमिक शाळेत पर्यावरण शिक्षण श्रेणीचा विषय झाला आणि 2019-20 मध्ये अकरावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हे पुस्तक आले.

श्रेणीचा विषय म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. प्रकल्पवही, वर्तमानपत्राची कात्रणे, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे आणि वर्षअखेरीस ‘अ’. हरित सेनेचे जेथे खरे काम झाले तेथे ते एखाद्या गुरुजींच्या ओढीने झाले आणि त्यांची बदली झाली की थांबले. शिक्षकाला गावात मुरू न देणारी बदली आणि गावाला मुरलेलाच माणूस लागणारा विषय, यांचे जमणे अवघडच होते.

म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा गावच्याच रहिवाशाला शिकवण्याकडे कल गेला. याचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण सावनेरच्या पश्चिमेला, संत्र्याच्याच पट्ट्यात घडले. 2016 मध्ये पानी फाउंडेशनने वॉटर कपची पहिली स्पर्धा तीन तालुक्यांत घेतली: अमरावतीचा वरुड, बीडचा अंबाजोगाई आणि साताऱ्याचा कोरेगाव. वरुडमध्ये संत्राबागांसाठी इतके बोअर झाले होते की भूजलाची पातळी खोल खोल जात होती. स्पर्धेची गोम प्रशिक्षणात होती. प्रत्येक गावाने आपल्यातून निवडलेल्या मोजक्या स्त्री-पुरुषांना काही दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवायचे आणि परतलेल्यांनी गावाला शिकवायचे. तांत्रिक भाग 1993 पासून पाणलोटाचे काम करणाऱ्या ‘वॉटर’ या संस्थेच्या अनुभवावर उभा होता.

त्या शिबिरात हाती दिले जाणारे एक साधन म्हणजे हायड्रोमार्कर. दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोघांनी दोन पट्ट्या धरून उतारावर उभे राहायचे. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी आली की त्या दोन जागा एकाच उंचीवरच्या. तेथे फक्कीची खूण करायची, पुढे सरकायचे, खुणा जोडल्या की समपातळीची रेघ तयार. त्या रेघेवर सलग समतल चर खणला तर पावसाचे पाणी त्यात थांबते आणि मुरते. रेघ चुकली तर पाणी एका टोकाला धावते आणि चर फुटतो. चौथी शिकलेल्या माणसाला हे अर्ध्या दिवसात येते. 1972 च्या दुष्काळात सरकारने काढलेल्या कामांवर हजारो हातांनी असेच बांध घातले होते, पण रेघ आखणारा ओव्हरसियर बाहेरचा असे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही.

सावनेरच्या संत्र्याला पाण्याइतकाच हवामानाचा प्रश्न आहे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीने विदर्भातल्या बागा झोडपल्या. संत्र्याचे झाड मोकळे सोडले तर वर्षातून अनेकदा थोडे थोडे फुलते. एकदम आणि भरपूर फूल यावे म्हणून बागायतदार त्याचे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. हिवाळ्यात ताण देऊन घेतला तो अंबिया बहार, उन्हाळ्याच्या ताणानंतर पावसाळ्याच्या तोंडी फुटतो तो मृग बहार. झाडाची पाने मलूल होतात, काही गळतात, आणि नेमक्या वेळी पाणी मिळाले की पांढरे फूल लगडते. ताणाच्या मधोमध अवकाळी पाऊस आला तर ताण मोडतो आणि फुलाऐवजी पालवी फुटते. मृग लांबला तरी घोटाळा. पाऊस जास्त होऊन मुळांशी पाणी साचले तर बुंध्याला डिंक्या लागतो. हवामान बदल म्हणजे काय, हे सावनेरात शिकवायचे तर आर्क्टिकच्या बर्फापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. ‘यंदा ताण बसला का?’ एवढा प्रश्न पुरतो. प्रशिक्षकांच्या पुस्तिकांत मात्र बहुधा अस्वल आणि हिमनगच असतात.

या अनुभवाला आकड्यांची जोड देण्याची सोय जिल्ह्यात चांगली आहे. नागपूरला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे आणि 1958 पासून ‘नीरी’ ही पर्यावरण-अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. कृषी-हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. उणीव भासते ती हा सल्ला घेऊन बांधावर जाणाऱ्या माणसाची.

ती जागा भरण्याचे ताजे प्रयत्न बहुतांशी स्त्रियांच्या जोरावर चालले आहेत. 2005 पासून आलेल्या आशा कार्यकर्त्या उष्माघाताची लक्षणे आणि ओआरएस समजावू लागल्या. नागपूर शहराने 2016 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्याला या जाळ्याचाच आधार होता. ‘उमेद’ अभियानातून बचत गटांतल्या बायका कृषी सखी आणि पशू सखी झाल्या. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास मंत्रालयांनी करार करून कृषी सखींना निमविस्तार कार्यकर्त्या म्हणून प्रमाणपत्र देण्याचे ठरवले. पहिल्या बारा राज्यांत महाराष्ट्र होते. माती परीक्षण, जीवामृत, बीजप्रक्रिया, पीक फेरपालट असा त्यांचा अभ्यासक्रम. राज्याने 2020 मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ जोडले आणि 2 ऑक्टोबरला माझी वसुंधरा अभियान काढले. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींना गुण मिळतात. पंचमहाभूतांची कल्पना लोकांच्या ओळखीची असल्याने तिचा उपयोग झाला. गुणांमुळे ई-शपथांची आणि भिंतीवरच्या चित्रांची संख्याही भरभर वाढली, हा भाग निराळा.

प्रशिक्षणाचा काळ मात्र आता फार आखडला आहे. मगनवाडीत महिने होते, ग्रामसेवकाला वर्षे मिळाली, आता दिवस मिळतात. मोबदल्याचेही तसेच: सेवकाला निष्ठा होती, ग्रामसेवकाला पगार होता, सखीला मानधन आहे, तेही कामागणिक.

आणि कोळसा? या इतिहासात तो जवळजवळ कोणीच शिकवलेला नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सने 2016 मध्ये पर्यटन महामंडळासोबत खाण पर्यटन सुरू केले. सावनेरच्या इको-पार्कमध्ये भूमिगत खाणीची प्रतिकृती आहे, शाळांच्या सहली येतात, कोळसा कसा काढतात ते मुले पाहतात. जळल्यानंतर त्याचे काय होते, हे पाहायला मात्र नदीकाठी जावे लागते. खापरखेड्याची राख वारेगावच्या आणि कोराडीची खसाळ्याच्या बंधाऱ्यात जाते. 2021 मध्ये मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि ‘असर’ या संस्थांनी भोवतालच्या गावांतील पाण्याचे नमुने तपासून अहवाल काढला. नांदगावच्या राखतळ्यावरून गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे तेथे जाऊन आल्यावर ते बंद करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राख कोलार व कन्हान नद्यांत गेली. नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग कन्हानमधून येतो, त्यामुळे ही गोष्ट शहरालाही कळली. या प्रकरणांत जे गावकरी नमुन्याच्या बाटल्या भरायला, तारखा लिहून ठेवायला आणि अर्ज करायला शिकले, त्यांचे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नोंदलेले नाही.

2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने या कामाला सरकारी चौकट दिली. प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि ग्रामपंचायतीला तपासणी संच. पाण्याचे ठरावीक माप भरलेल्या छोट्या बाटलीत रसायनाचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि उरलेला क्लोरीन एवढे त्यातून कळते. जिवाणूंसाठी वेगळी कुपी असते, तिच्यातले पाणी काळे पडले की स्रोत दूषित. पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकली की नाही, याची खात्री आता पंचायतीच्या शिपायाच्या शब्दावर राहत नाही. पारा, शिसे किंवा सेलेनियम यांसारखे राखेतून येऊ शकणारे विषारी घटक मात्र या संचात नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.